वाटणीत कोण राहिले?

पूर्वेकडील लोक आत्म्याचा विचार करतात आणि पाश्चात्त्य लोक देहाचा, असे आपण व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकतो. ऐकून बरेही वाटते. पण हे खरे आहे काय, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयी व कात्यायनी या आपल्या दोन पत्नींत वाटणी करू लागतात. तेव्हा मैत्रेयी विचारते की, धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन काय? ‘नाही’ असे उत्तर मिळताच ती धनाऐवजी ज्ञान मागते, आणि याज्ञवल्क्य तिला आत्म्याविषयी सांगतात. याउलट ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की, मनुष्य स्वभावतःच नगरात राहणारा प्राणी आहे. सद्गुणाने जगण्यातच त्याचे सुख आहे, आणि मित्रांवाचून ते पुरे होत नाही.

येथेच थांबलो तर वरील समजूत खरी वाटेल. पण तोच ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात चिंतनाचे जीवन सर्वश्रेष्ठ ठरवतो. आपल्याकडेही धर्म, अर्थ व काम हा त्रिवर्ग आधीचा. मोक्ष हा चौथा पुरुषार्थ त्यास मागाहून जोडला गेला. नित्य असा आत्मा नाही, असे बौद्धांनी सांगितले. आणि स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनेही १७३९ साली लिहिले की, आपण मनात डोकावलो तर संवेदनांचा समूह तेवढा सापडतो, ‘मी’ कोठे सापडत नाही. तेव्हा हा भेद पूर्व-पश्चिमेचा नव्हे. दोन्ही ओढी दोन्हीकडे आहेत.

आणि एक उणीवही दोन्हीकडे आहे. मैत्रेयीने अमरत्व मागितले. कात्यायनीला काय हवे होते? त्या संवादात तिचा एक शब्दही नाही. ॲरिस्टॉटलच्या नगरातही स्त्रिया व गुलाम यांना कारभारात वाटा नव्हता. ते राबत, म्हणून इतरांस चिंतनाला सवड मिळे.

वाचकहो, ‘मी कोण?’ हा प्रश्न थोर आहे. पण तो विचारण्याची सवड आम्हांला कोणाच्या कष्टातून मिळाली, हेही विचारले पाहिजे. आपण प्रार्थनेस वा चर्चेस बसतो तेव्हा स्वयंपाकघरात कोण उभे असते? तिला आत बोलावून जागा द्यावी, आणि पुढचा चहा आपण करावा. आत्म्याची ओळख तेथूनही सुरू होऊ शकेल, असे आम्हांस वाटते.