डाग फिरतो की तिथेच राहतो?

जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर पांढरा पडदा उघडला आणि कोपऱ्यात जांभळट डाग दिसला, की मालकाचा हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तो आवरावा. एक तर त्या काचेच्या पोटात पंचवीसेक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच ओसरत नाहीत. दुसरं म्हणजे असा डाग पडतो तेव्हा बरेचदा मॉनिटरच्या आत बिघडलेलं काहीच नसतं.

रंगीत ट्यूबची गंमतच तशी आहे. मागच्या तीन गनमधून सुटणारे इलेक्ट्रॉन सगळे सारखेच. मेकॅनिक ‘लाल गन’, ‘निळी गन’ म्हणतात खरे, पण त्या झोतात लाल किंवा निळं असं काही नसतं. काचेच्या आतल्या अंगाला लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरचे ठिपके असतात आणि त्यांच्या अलीकडे बारीक भोकांची धातूची पातळ चाळणी, म्हणजे शॅडो मास्क. एकाच भोकातून तिन्ही झोत जातात, पण किंचित वेगळ्या कोनांतून, म्हणून प्रत्येकाच्या वाटेला आपलाच ठिपका येतो. अमेरिकेत आरसीएने १९५० साली अशी ट्यूब दाखवली. सोनीने १९६८ मध्ये ट्रिनिट्रॉन आणताना भोकं काढून उभ्या फटी केल्या, तरी मुद्दा बदलला नाही. इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूने आला, यावर तो लाल ठरतो की निळा. साध्या चौदा इंची मॉनिटरवर एकाच रंगाच्या दोन शेजारच्या ठिपक्यांत अंतर असतं ०.२८ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत झोत जरासा ढळला, की भलताच ठिपका पेटतो.

झोत ढळवायला चुंबक पुरतं. टेबलावरचा स्पीकर, खाली ठेवलेला स्टॅबिलायझर, मागचं लोखंडी कपाट, मुलांनी कौतुकाने काचेवर टेकवलेलं फ्रिजचं चुंबक. आणि यांपैकी काहीच नसलं तरी पृथ्वी आहेच. महाराष्ट्रात तिचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. फ्रिजच्या चुंबकापुढे ते काहीच नाही, पण पडद्यावर तेही दिसतं. म्हणून तर कंपन्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी मॉनिटर वेगवेगळे जुळवून पाठवत.

तेव्हा आधी तक्रारीचा आकार बघावा. सगळाच पडदा पिवळा झाला असेल तर चुंबकाच्या मागे लागू नये. निळा रंग येतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिरवा गेला की पडदा गुलाबी-जांभळा, लाल गेला की आकाशी. केबलच्या टोकाची पिन वाकली आहे का ते बघावं, केबल हलवून बघावी. केबल हलवल्यावर रंग येत-जात असेल तर दोष तिथे आहे. खोक्याला हलकी चापट मारल्यावर येत-जात असेल तर आत ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेला जोड आहे, आणि ते काम जाणत्या माणसाचं. (चापट मारून टीव्ही नीट करणाऱ्या पिढीला आपण उगाच हसलो, निदान त्यांचं निदान बरोबर असायचं.) पण डाग पडद्याच्या एखाद्याच भागात असेल, तर मॉनिटर आहे तिथेच सावकाश दुसऱ्या दिशेला वळवावा. डाग सरकला किंवा त्याचा रंग बदलला, तर कारण बहुतेक बाहेरचं.

मग डिगॉसचं बटण. दाबलं की धप्प आवाज येतो, चित्र थरथरतं आणि पडदा स्वच्छ होतो. या बटणाने शॅडो मास्कच्या जाळीतलं चुंबकत्व पुसलं जातं, असं आपण मानतो. प्रत्यक्षात ट्यूबभोवतीच्या कॉइलमधला उलटसुलट प्रवाह जाळीच्या चुंबकत्वाची दिशा पन्नास हर्ट्झने मागेपुढे फिरवतो आणि हळूहळू विरत जातो. हे सगळं पृथ्वीच्या क्षेत्रातच घडत असतं. त्यामुळे शेवटी जाळी कोरी होत नाही. त्या जागेचं क्षेत्र बऱ्याच अंशी खोडून निघेल, एवढं चुंबकत्व तिच्यात उरतं. म्हणजे जुनी खोड जाते आणि आताच्या जागेशी जमवून घेतलं जातं. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत आवडते. मॉनिटर खिडकीकडून भिंतीकडे हलवला की तडजोड पुन्हा करावी लागते, ती याचसाठी. दुरुस्तीच्या दुकानात डिगॉस करून घरी आणलेला मॉनिटर घरी परत डाग दाखवतो, यात दुकानदाराची लबाडी नसते.

जहाजांचंही असंच. गोदीत महिनोन्महिने एका दिशेला पडून राहिलेल्या पोलादी सांगाड्यात पृथ्वीचं चुंबकत्व मुरतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे पाणसुरुंग तेच हेरून फुटत. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग अखंड सापडला आणि जहाजांभोवती तारा गुंडाळून विजेने ते चुंबकत्व मारण्याचं काम जोरात सुरू झालं. ‘डिगॉस’ हे नाव तिथलं. आपल्याकडची गोष्ट उलट्या बाजूची आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे उघड होतं. तेव्हा भांडत न बसता १९०४ साली अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी केली. ट्राम १९०७ मध्ये आल्या. तिथे जागाच बदलली, कारण मोजायचं होतं तेच क्षेत्र.

बटणाबद्दल एक सूचना. डाग पूर्ण गेला नाही म्हणून ते लागोपाठ दाबण्यात अर्थ नसतो. कॉइलचा प्रवाह विरवणारा आतला थर्मिस्टर गरम झालेला असतो, तो थंड होईपर्यंत कॉइलला पुरेसा प्रवाह मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबावं. हातातली कॉइल वापरणाऱ्याने ती पडद्यासमोर गोल फिरवत सावकाश दूर न्यावी आणि लांब गेल्यावरच बंद करावी. जवळच बंद केली तर आधीपेक्षा मोठा डाग हमखास.

आणि मॉनिटर कधी आपटला असेल, जाळी जागची हलली किंवा वाकली असेल, तर तो कसाही वळवला तरी डाग तिथेच राहतो. कॉइलचा तिथे इलाज चालत नाही, आणि घरगुती मॉनिटरच्या नव्या ट्यूब आता बनत नाहीत.