खाड्याची वही

पुण्यात सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या दाटीत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर एक खानावळ होती. पाटीवर तिचं काही नाव होतं, पण पोरं तिला काकूंची मेस म्हणत. महिन्याचे पैसे आगाऊ. रविवारी दुपारी गोडाचं जेवण, संध्याकाळी चूल बंद. ज्याला एखाद्या वेळी जेवायला यायचं नसेल त्यानं सकाळी सांगून जायचं, म्हणजे त्याचा खाडा धरला जाई आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होत. खाडे लिहायला काकूंकडे एक लांबुडकी वही होती. ठेवली होती हिशेबासाठी. पण इतकी वर्षं रोज तीच पानं चाळणाऱ्या बाईला त्यातून हिशेबापलीकडचंही दिसायला लागतं.

एका वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा या मेसला लागला. त्याला फौजदार व्हायचं होतं. गावी असताना ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा असं खाऊन दिवसभर रानात हिंडणारा गडी. इथे आल्यावर दिवसाचे बारा तास खुर्चीत. सहा महिन्यांत पॅन्टचं बटण लागेना, आणि पुढे मैदानी चाचणी डोळ्यांसमोर नाचायला लागली. त्यानं मोबाइलवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं आणि स्वतःच्या मनानंच दिवसाला १२०० कॅलरी ठरवून टाकल्या. भात बंद, साखर बंद, पोळी दोन, तीही कोरडी. रविवारी श्रीखंडाची वाटी आली की तो ती न बघता शेजारच्याकडे सरकवायचा. शेजारच्याची चैन.

चार दिवस छान जायचे. पाचव्या दिवशी रात्री अकराला पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी व्हायची आणि अंडाभुर्जीच दिसायला लागायची. मग तो गाडीवर जायचा. रस्त्याकडे पाठ करून, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून, दोन प्लेट भुर्जी आणि सहा पाव भराभर गिळायचा. वर बेकरी उघडी असली तर क्रीमरोल. चव लागायचीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसच्या दारातूनच ओरडायचा, "काकू, आज दोन्ही वेळचा खाडा." ही शिक्षा. शिक्षेनं भूक आणखी पेटायची, की परत गाडी.

काकूंच्या वहीत त्याचं पान तापाच्या तक्त्यासारखं दिसायला लागलं होतं.

अशा मुलाला मनावर ताबा नाही असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इथे गोष्ट थांबवून एक खरी हकिगत सांगतो. १९४४ च्या अखेरीला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेल्या एका प्रयोगात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं हे शोधायचं होतं. त्या तरुणांना दिवसाला सरासरी सुमारे १५७० कॅलरी मिळत. काही आठवड्यांतच त्यांच्या बोलण्यात जेवणाशिवाय विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसायचे. ताटल्या चाटायचे. अर्धपोटीचा काळ संपून हवं तेवढं मिळायला लागल्यावरही त्यांतल्या कित्येकांना किती खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. निवडून घेतलेली, निग्रही माणसं होती ती. आपल्या मुलानं स्वतःला त्यांच्याहूनही कमी ठरवून दिलं होतं, आणि वर परीक्षेचा अभ्यास.

काकूंना मिनेसोटा ठाऊक नव्हतं. त्यांना वही ठाऊक होती. पण त्या काही बोलल्या नाहीत. जून लागला, पाऊस झाला, वाढपी पेरणीसाठी गावाला गेला, तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारली.

"पंधरा दिवस वाढायला येशील का रे? तेवढ्या दिवसांचे पैसे कापून घे. सगळ्यांचं झालं की तू आणि मी बसू."

मुलाला पैशांची गरज होती. तो हो म्हणाला.

पहिल्या दिवशी काकूंनी ताट कसं वाढायचं ते दाखवलं. वर मीठ, लिंबाची फोड. डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, तूप. हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मुलाच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की जे थोडं खायचं त्याला ताटात जागाही थोडीच दिलेली असते. चटणीच्या जागी भाजीएवढी चटणी वाढायला गेलं तर ती लोणच्यात जाते. तळणीचा पापड कडेला, एक. तो खाऊ नका असं कुणी सांगत नाही, आणि चार खा असंही नाही.

मग काकू म्हणाल्या, "पहिल्या फेरीला हात आखडता ठेवायचा. दुसऱ्या फेरीला विचारायचं. नको म्हणाला की पुढं सरकायचं, आग्रह करायचा नाही. आग्रह लग्नात. आणि कोण किती खातो ते मोठ्यानं बोलायचं नाही. पोळी मागितली की वाढायची, मग ती दुसरी असो नाहीतर सातवी."

वाढायला उभं राहिलं की जेवणारा माणूस फार स्पष्ट दिसतो. खिडकीपाशी बसणारा एक जण मोबाइलवर व्याख्यान बघत जेवायचा. त्याच्या ताटात पोळी टाकली की ती संपायची, नाही टाकली की तो हात तसाच ठेवून बसायचा. भुकेचा आणि त्याचा काही संबंधच नव्हता. एक जण इतक्या घाईत जेवायचा की दुसरी फेरी यायच्या आत तो हात धुवायला उठलेला असायचा, आणि अर्ध्या तासानं चहाच्या टपरीवर बन-मस्का खाताना दिसायचा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात. हा गडी सातव्या मिनिटाला उठायचा, तो निरोप घ्यायला ताटावर थांबलेलाच नसायचा.

पण मुलाचं लक्ष खिळलं ते नव्यानं आलेल्या एका पोरावर. हा पोरगा पहिल्या दिवशी बसल्या बसल्या म्हणाला, "पाच पोळ्या." पाचही एकदम ताटात. भाजीच्या दोन वाट्या आधीच भरून घेतल्या. रविवारी दुधीच्या हलव्याची वाटी त्यानं चक्क मांडीवर ठेवली. शेवटच्या दोन पोळ्या पाण्याच्या घोटाबरोबर उतरवल्या, पण टाकल्या नाहीत.

मुलानं आत जाऊन सांगितलं, "काकू, हा भिकेला लागल्यासारखा खातोय."

"आधी कुठं होता तो?"

"हॉस्टेलला म्हणे. उशिरा गेलं की भाजी संपलेली असायची."

"मग वाढ त्याला पाच. मागेल तेवढं. पण दुसऱ्या फेरीला त्याच्याकडं जायला विसरू नकोस. ताट भरलेलं दिसलं तरी जायचं आणि विचारायचं."

मुलगा रोज गेला. रोज विचारलं. आठवडाभर पाच-पाचच. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी तो पोरगा म्हणाला, "आता दोनच दे, लागली तर घेतो." मग घेतली एक. नंतर आणखी अर्धी. आणि ताटावर आडवा हात धरून म्हणाला, "बास." पुढच्या रविवारी वाटी ताटात राहिली, मांडीवर नाही.

त्या दुपारी काकू आणि मुलगा शेवटच्या पंगतीनंतर जेवायला बसले. मुलानं विचारलं, "हे कसं झालं? तुम्ही तर त्याला काहीच बोलला नाहीत."

काकूंनी भातावर आमटी घेतली. "दुसरी फेरी येते हे त्याला पटलं. येणार आहे म्हटल्यावर कोण कशाला साठा करेल? तुझं मात्र उलटं चाललंय. तू रोज सकाळी स्वतःच्या पोटाला सांगतोस, आज नाही मिळणार, उद्याही नाही, गोड तर कधीच नाही. ते बिचारं घाबरून रात्री मिळेल तिथं ओरबाडून घेतं. मग तू त्याला आणखी उपाशी ठेवतोस."

मुलगा गप्प. त्याला वाटलं होतं, गाडीवरचं प्रकरण कुणाला माहीत नाही.

"वहीत सगळं दिसतं," काकू म्हणाल्या. "एक कर. रात्री काहीही खा, कितीही खा. सकाळी खाडा सांगायचा नाही. वेळेला येऊन बसायचं. अर्धी पोळी जाईल तर अर्धी. पण बसायचं."

एवढंच. आहारतज्ज्ञ आज हेच जरा लांबण लावून सांगतात: ठरलेल्या वेळी खा, आणि एका वेळच्या अतिरेकाची भरपाई पुढच्या वेळच्या उपाशीपणानं करू नका. ज्याला खाऊन झाल्यावर मुद्दाम ओकावंसं वाटतं, किंवा ज्याच्या पोटात दिवसेंदिवस अन्नच जात नाही, त्याला मात्र मेसच्या काकू पुरत नाहीत. त्यानं डॉक्टर गाठावा, त्यात लाज नाही.

मेसला एक आजोबा यायचे. छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेलं. साडेबाराला येत, चष्मा पुसत, जेवत. दोन पोळ्या झाल्या की तिसरीला म्हणत, "थांब जरा." वाढपी थांबे. आजोबा क्षणभर नुसते बसत, मग कधी "अर्धी" म्हणत, कधी "नको." रविवारी गुलाबजाम असले की दोन घेत, एकदा तीनही घेतले. सोमवारी परत साडेबाराला हजर. त्यांच्या पानावर खाडा क्वचितच, तोही लग्नकार्याचा.

मुलानं त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही थांबून काय बघता?"

"पोटात जागा किती आहे ते," आजोबा म्हणाले. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदावरच्या ग्रंथाचे खिळे त्यांनी एके काळी जुळवले होते. त्यात आठवा अध्याय मात्राशितीय, म्हणजे मापानं खाण्याविषयीचा. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नानं भरावेत, एक पाण्यानं, चौथा वाऱ्याला मोकळा ठेवावा, असं त्यात सांगितलंय. "आता ते चार भाग कुणी पट्टीनं मोजायचे? शिवाय माप ज्याच्या त्याच्या अग्नीवर, असंही तोच म्हणतो. तुझं माप माझ्या ताटात नाही, आणि माझं तुझ्या मोबाइलात नाही. म्हणून थांबायचं आणि आतच विचारायचं. तरुणपणी मी पाच खायचो. अग्नी होता."

मुलगा लगेच सुधारला असं काही झालं नाही. पुढच्या सोमवारी तो आदल्या रात्रीच्या भुर्जीचं ओझं घेऊन मेसला आला, एक पोळी आणि वाटीभर आमटी घेऊन मान खाली घालून जेवला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. रात्री त्याला नेहमीसारखी भूक लागली आणि तो नेहमीसारखा जेवला. गाडीकडे पाय वळला नाही, ही गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आली. आषाढी एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस होता. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणून पोरं एकमेकांना चिडवत होती. यानंही खिचडी दोनदा घेतली आणि द्वादशीला पोळी-भाजी खाल्ली. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तो पुन्हा घसरला, दोन खाडे पडले. काकूंनी ते वहीत लिहिले आणि पान उलटलं. ॲप कधी काढून टाकलं ते त्यालाही सांगता यायचं नाही. गाडीवरची भुर्जी तो अजून खातो, मित्रांबरोबर, एक प्लेट, रस्त्याकडे तोंड करून.

पॅन्टचं बटण हळूहळू लागायला लागलं, कारण भरल्या पोटी त्याला पहाटे पळायला जाता यायला लागलं. तो फौजदार झाला का, हे विचारू नका. जेवणाच्या गोष्टीत शेवटी नोकरी लागायलाच हवी असं नाही. दिवाळीला गावी जाताना त्यानं खाडे सांगितले, ते त्या महिन्यातले त्याचे पहिलेच.

आता ज्यांच्या हातात घरातलं ओगराळं असतं त्यांना एक विनंती. मुलांच्या ताटात पहिल्यांदा थोडं वाढा आणि दुसऱ्यांदा नक्की विचारा. नको म्हणाली तर पुढे सरका. सगळं संपवलंस तरच गोड मिळेल, अशी अट घालू नका. गोड करायचं त्या दिवशी सगळ्यांनाच वाढा. आणि जेवायला बसलेल्या कुणाचंही, मुलीचं, सुनेचं, नवऱ्याचं, वजन हा विषय ताटावर काढू नका.