विवेक असावा, भेदभाव नसावा

भाविकहो, चांगले आणि वाईट, सत्य आणि असत्य यांतील अंतर ओळखणे म्हणजे विवेक. तो प्रत्येक साधकास आवश्यक आहे. परंतु जन्म, जात, संपत्ती अथवा वैधव्य पाहून माणसाचे मोल ठरविणे म्हणजे भेदभाव. विवेक कृतीची पारख करतो, तर भेदभाव माणसालाच तोलतो. म्हणून पहिला धर्म होय व दुसरा अधर्म.

संत चोखामेळा यांना हयातीत पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. आज महाद्वारासमोरील त्यांच्या समाधीस वंदन करून वारकरी पुढे जातात. संताला मान मिळाला, पण त्यांच्या बांधवांसाठी दार पुढेही शतकानुशतके बंदच राहिले. आपल्या शेजारच्या वर्धा येथे शेठ जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले. पंढरपूरचे दार उघडण्यासाठी मात्र साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

कायद्याने मंदिराचे दार उघडते. मनाचे दार ज्याचे त्यानेच उघडावयाचे असते. घरी कामास येणाऱ्यासाठी चहाचा कप निराळा ठेवणारे हात देवापुढे जोडले, तर ती पूजा पोहोचेल काय? यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांमुळे कित्येक घरांतील कर्ता पुरुष गेला. शेती, कर्ज आणि मुलांचे शिक्षण एकटीने सांभाळणाऱ्या त्या माउलीस हळदीकुंकवात किंवा मंगलकार्यात मागे बसविणे, हाही भेदभावच होय. दुःख हा दोष नव्हे.

कळंब येथील श्रीचिंतामणीचे मंदिर भूपातळीच्या खाली आहे. दर्शनासाठी श्रीमंतासही पायऱ्या उतराव्या लागतात आणि मजुरासही. 'मी मोठा' हा भाव वरच ठेवून उतरावे, हाच त्या पायऱ्यांचा बोध. दात्यांनीही हे ध्यानी धरावे. दानाने सेवा घडते, श्रेष्ठत्व विकत मिळत नाही.

दर्शनाच्या रांगेत पुढे कोण आहे हे न पाहता, महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी कोण बसले आहे हे न विचारता जो भक्त प्रसाद ग्रहण करतो, त्याची यात्रा सुफळ होते.

श्रीचिंतामणी सर्वांस समबुद्धी देवो, हीच प्रार्थना.