एकेंद्रियांचा हिशेब

जिवाणूंना मारून माणसाची कातडी वाचवायची, ही हिंसा की नाही? प्रश्न माझ्या आत्याचा. ती सांगलीची, दिगंबर जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, दिवस मावळला की जेवत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असल्या प्रश्नांचा मोर्चा माझ्याकडेच वळतो.

कोमागाटाइबॅक्टर नावाचा जिवाणू साखर खाऊन सेल्युलोजचे धागे सोडतो. एड्रियन ब्राउन यांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. बशी आठवडाभर न हलवता ठेवली की वर सायीसारखा थर धरतो, पण चांगलाच चिवट. चिमट्याने उचलला की गार, बुळबुळीत लागतो. जवळजवळ ९९ टक्के पाणीच. ब्राझीलमध्ये असे थर भाजलेल्या जखमांवर लावले गेले आहेत. २०१७ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी तर जिवंत जिवाणू जेलमध्ये कालवून त्याची शाई केली आणि प्रिंटरने ती बाहुलीच्या चेहऱ्यावर चढवली. नाकाडोळ्यांच्या उंचवट्यांवर सेल्युलोज तिथल्या तिथे वाढलं. उद्या जखमेच्या नेमक्या मापाचं आवरण असंच छापता येईल, ही आशा.

काम झालं की थर कॉस्टिक सोड्यात तापवतात. जिवाणू मरतात, धुऊन जातात, जाळी उरते. त्यांचे अवशेष राहिले तर शरीरात दाह होतो, म्हणून याला पर्याय नाही.

‘एवढ्याशा जिवाचं काय घेऊन बसलीस’ हे उत्तर आत्याकडे चालत नाही, आणि मलाही ते लबाडीचं वाटतं. एकेंद्रिय, म्हणजे फक्त स्पर्श जाणणारा असला तरी जीव तो जीवच. गृहस्थाने संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा सोडायची. आरंभी (घरकामातली), उद्योगी (पोटापाण्याच्या कामातली), विरोधी (स्वसंरक्षणातली) जमेल तेवढी कमी करायची, असं आपल्याकडे सांगतात. माझा भाऊ हे प्रकरण उद्योगीत टाकून मोकळा झाला. पण हे जीव वाढवायचेच मुळी मारण्यासाठी! मी याला हिंसाच म्हणते, आणि भाजलेल्या पोरासाठी ती करेनही.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्या प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला जोडलेली आहे. मग माझा प्रमाद कुठे? सोडा उकळताना नाही. तेव्हा काय करतेय ते मला पक्कं ठाऊक असतं. तो होतो मीडियम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, करताना. हेस्ट्रिन-श्रामचं ठरलेलं मीडियम: लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, शिवाय फॉस्फेट आणि सायट्रिक आम्ल. पेप्टोन म्हणजे अर्धवट पचवलेलं प्रथिन, आणि ते पुष्कळदा मांसापासून काढतात. जखमेच्या आवरणात गाईडुकरांचं कोलॅजेन नको म्हणून सेल्युलोजकडे वळायचं आणि त्या जिवाणूला खायला घालायची खाटीकखान्यातून आलेली पूड! बाटलीवरचं लेबल वाचायचे कष्ट आमच्यात कोण घेतं?

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग आधी ती पूड बदल की गं.”

“सोयाबीनचं पेप्टोन मिळतं, आत्या.”

“आणि यीस्ट? तोही जीवच ना?”

आता तिला फिलिपाइन्समधलं नाता दे कोको सांगायला हवं. तोही याच जिवाणूचा थर, तिथे गोड करून खातात. नारळाचं पाणी, साखर, थोडं आम्ल आणि नत्रासाठी अमोनियम सल्फेट, एवढ्यावर तो वाढतो. थराची जाडी आणि ताकद बदलेल, सगळी मोजमापं नव्याने घ्यावी लागतील. पुढची बॅच नारळपाण्यावर लावते आहे.