लहान सुखांचा हिशेब

कामाच्या धामधुमींत माणसानें लहानसहान सुखांसाठीं वेळ काढावा कीं नाहीं, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. घटकाभर पुस्तक वाचलें, एखादें भजन ऐकलें, तर त्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें वाचक विचारतील. आम्हांसही बरीच वर्षें तसेंच वाटत होतें.

या बाबतींत दोन मतें रूढ आहेत. सुख हें काम संपल्यावर मिळावयाचें बक्षीस होय, हें पहिलें. त्यांत अडचण एवढीच कीं काम कधीं संपत नाहीं. दुसरें मत असें कीं सुख हें औषध आहे. थकलेल्या मनानें तें घ्यावें आणि ताजें होऊन पुन्हा कामास लागावें. अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या ‘पॉलिटिक्स’ ग्रंथांत संगीताच्या शिक्षणाचा विचार करितांना करमणुकीस औषधाची उपमा दिली आहे खरी; पण स्वस्थपणाची योग्यता तो त्याहून वरची मानतो. श्रम हे स्वस्थपणासाठीं, स्वस्थपणा श्रमांसाठीं नव्हे, हा त्याचा सिद्धान्त. उत्तरपत्रिका लौकर तपासून व्हाव्यात म्हणून जो गाणें ऐकतो, तो गाणें ऐकत नसून उत्तरपत्रिकाच तपासीत असतो!

आमच्या देगलूरचेंच उदाहरण घ्या. तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेलगतचें हें गांव. मराठी, तेलुगु, कानडी व उर्दू या चारही भाषा येथल्या बाजारांत कानांवर पडतात. 1948 पर्यंत येथें निजामाचा अंमल होता. दरबारची भाषा उर्दू, आणि 1918 सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. अशा काळांत येथल्या शेतकऱ्यास व दुकानदारास उत्तम मराठी ऐकावयास कोठें मिळत असे? भजनांत, कीर्तनांत, एकादशीच्या रात्रीं. गुंडामहाराजांची चक्रीभजनाची परंपरा याच गांवची. ज्ञानेश्वरीवरील प्रवचनांनीं पुढें सर्व महाराष्ट्रास परिचित झालेले धुंडामहाराज याच घराण्यांतले. आतां, भजनास बसणाऱ्यांनीं भाषारक्षणाचा संकल्प सोडला होता काय? मुळींच नाहीं. तें गोड लागत होतें, म्हणून ते बसत. भाषा जगविण्याचें कर्तव्य म्हणून बसते, तर चार महिन्यांत कंटाळून उठून गेले असते. ज्या सुखापासून कांहींएक मिळविण्याचा हेतु नव्हता, त्यानेंच एवढें मोठें कार्य केलें.

कोणी म्हणेल, ही पगारदार प्राध्यापकाची चैन आहे. रोजंदारीवरल्या मजुरानें काय करावें? आक्षेप खरा आहे. ज्याचा तास बुडाला कीं भाकरी बुडते, त्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यास फुरसत मिळवून देणें हा समाजाच्या न्यायबुद्धीचा प्रश्न आहे. परंतु ज्यांस ती मिळाली आहे, त्यांनीं ती वायां घालवावी, हें मग अधिकच लाजिरवाणें ठरतें.

आणि त्यांत आमचा नंबर पहिला. आमच्या मातोश्री एकादशीस म्हणत, “बाळ, चार ओव्या वाचून दाखीव.” त्यांस त्या तोंडपाठ होत्या, मुलाच्या तोंडून ऐकावयाच्या होत्या, इतकेंच. आम्ही समोरच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून ‘उद्यां’ म्हणत असूं. त्या गठ्ठ्यांतील एकाही विद्यार्थ्याचे गुण आज आम्हांस आठवत नाहींत. ‘उद्यां’ हा शब्द मात्र आठवतो.

हल्लीं आठवड्यांतून एकदां, ऐन कामाच्या दिवशींच, आम्ही संध्याकाळीं ज्ञानेश्वरी उघडून चार ओव्या मोठ्यानें वाचतों. ऐकावयास कोणी नसतें. कामाचा गठ्ठा शेजारींच पडलेला असतो. तो तसाच राहूं देतों.