पिशवी आणि मोटार

आमच्या दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असते. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासूनची. भाजीवाल्यापुढे ती उघडताना आपण मोठे पुण्यवान आहोत, असे मला उगाचच वाटते.

परवा वर्गात प्रदूषणाचा धडा संपवून मी मोटारीत बसत होतो. एका मुलाने विचारले, "सर, तुमचे घर त्या वळणापलीकडेच ना?" मी हसून वेळ मारून नेली; प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

१ लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. जळताना ते हवेतला प्राणवायू घेते आणि सुमारे २.३ किलो कर्बवायू मागे ठेवते. मग पिशवीने मिळवलेले पुण्य किती दिवस पुरणार?

याला सरसकट ढोंग म्हणवत नाही. पदपथावर दुकाने मांडलेली, बसची पायरी उंच. आईचे गुडघे दुखतात, तिला दवाखान्यात न्यायला मोटारच लागते. ती घेतली तीही त्यासाठीच. पण त्या दिवशी मोटारीत आई नव्हती. मी एकटाच होतो, आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत. गरज तिची, आळस माझा! पिशवीचे व्रत सोपे, म्हणून ते आपण आनंदाने पाळतो. पाय झिजवायचे व्रत उद्यावर टाकतो.

दिवाळीची सुट्टी संपली की मी शाळेत चालत जाणार आहे. हे इथे छापून टाकतो, कारण तो मुलगा दिवाळी अंक वाचतो.