तिला मुले किती?



बाळंत झालेल्या गरीब आईला सरकारने पैशांची मदत करावी का, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण 'जरूर करावी' म्हणतील. मग हळूच दुसरा प्रश्न येतो, 'तिला मुले किती?' आज या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६ हजार रुपये देऊ केले. कितवे बाळंतपण, याची अट कायद्यात नाही. पण २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा रक्कम ५ हजार झाली, आणि तीही पहिल्या अपत्यापुरतीच. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला ६ हजार मिळतात, मात्र मुलगी झाली तरच. मुलींचे गर्भ आपल्या देशात कसे खुडले जातात हे ठाऊक असल्याने त्यामागचा हेतू कळतो. तरीही दुसरा मुलगा झालेल्या मजूर बाईची मजुरी बुडालेली असतेच. तिसऱ्या खेपेला तर काहीच नाही.

याचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पैसा करदात्यांचा आहे, आणि जबाबदार पालकत्व तर ख्रिस्तसभाही शिकवते. पण निर्णय आईबापांचा (आईला त्यात कितपत विचारतात, तो वेगळाच विषय) आणि दूध कमी पडते बाळाला, हा कुठला न्याय?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ साली असाच कायदा केला होता. सरकारी मदत चालू असताना आणखी मूल झाले, तर त्याच्यासाठी रक्कम वाढणार नाही. पुढे इतर राज्यांनीही तो उचलला. अमेरिकेतील कॅथलिक महागुरूंनी अशा अटीला विरोध केला. पैशाच्या धास्तीने बायका गर्भपाताकडे वळतील, ही त्यांची एक भीती होती. कॅलिफोर्नियाने २०१६ साली आणि न्यू जर्सीने २०२० साली ही अट काढून टाकली.

आपल्याकडची अंगणवाडी या बाबतीत शहाणी आहे. सेविका मुलाचे वजन करते, त्याला खाऊ देते; तो घरातला कितवा, यावर त्याचा वाटा ठरत नाही. शाळेतल्या खिचडीचेही तसेच.

जून महिन्यात फी आणि वह्यापुस्तकांसाठी एखादी आई चर्चच्या दारीही येते. किती वह्या लागतील हे कळायला मुलांची संख्या विचारावीच लागते. पण आकडा ऐकून समोरच्याच्या भुवया वर गेल्या, तर ते तिच्या नजरेतून सुटत नाही. पुढच्या जूनमध्ये ती येत नाही.